बायोडेटाची मागची बाजू

आपल्या मुलासाठी, अथर्वसाठी, रेवाला पाहायला आलेल्या कमलाकर सरांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि तिच्याच बायोडेटाच्या मागे दोन समीकरणं लिहिली. "आमच्या घरात सगळे गणितातले. सोडव बघू." विचुंब्यातल्या आपल्या घराच्या त्या छोट्याशा हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, रेवा अर्धा तास वहीत आकडे खरडत राहिली. उत्तर काही निघेना. "कळवतो आम्ही," म्हणत सर उठले. बायोडेटा तिथेच राहिला. जिना उतरताना ते अथर्वला म्हणाले, "ढ आहे रे." रेवाच्या बाबांनी ते ऐकलं.

रेवाने तो कागद जपून ठेवला. पनवेलला सर शिकवत त्याच कॉलेजात, नोकरी करणाऱ्यांसाठीचा संध्याकाळचा बीजगणिताचा कोर्स तिने घेतला. एकही तास चुकवला नाही. वर्गात पहिली आली. सर विरघळले. पोरगी आपल्या घरात येण्यासाठीच एवढी झटली, असं धरून चालत ते अथर्वला घेऊन पुन्हा आले.

पोहे झाले. रेवाने अथर्वसमोर कागद ठेवला. "सोडवता?"

अथर्व खरडत बसला. घामाघूम झाला. सरांना राहवेना. कागद ओढून घेत ते कडाडले, "अगं, याला उत्तरच नाही! शहाणपणा करतेस? कुणी घातलं हे गणित?"

"उलटून बघा ना, सर."

सरांनी कागद उलटला. मागे रेवाचा बायोडेटा होता.

रेवाचे बाबा उठले, त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "कळवतो आम्ही."