काठी सरळ धर

काठी पुन्हा कलली.

मोजणीदाराने दुर्बिणीला लावलेला डोळा न काढताच दात-ओठ खाल्ले. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर त्याची मुलगी आकडे रंगवलेली उंच काठी धरून उभी होती. काम काय, तर काठी सरळ धरायची. ती सरळ राहिली की दुर्बिणीतली आडवी रेघ ज्या आकड्यावर येईल, तो वहीत लिहायचा. झालं रीडिंग. पण आज काठी सरळ यायची, तो आकडा वाचायला जायचा आणि नेमक्या त्याच क्षणी बाईसाहेब ती झुकवायच्या. सलग पाच वेळा!

ओढा इतका खळाळत होता की शेजारी कुणी बोंब मारली असती तरी ऐकू आली नसती. सगळं बोलणं हातांनी चाललं होतं. त्याने हात वर करून ‘सरळ धर’ अशी खूण केली. तिने मान डोलावली आणि काठी दुसऱ्या बाजूला झुकवली.

मुलगी खात्यात नुकतीच लागली होती. आजचा दिवस नीट गेला तर ती रानात मोजणीला जाणार, नाहीतर कचेरीत टेबलाशी बसून नकाशे काढणार, असं सकाळी निघतानाच बापलेकीत ठरलं होतं. नकाशाच्या नावानेच तिला जांभया यायच्या. पण न्हाणीघरात पाल दिसली की घर डोक्यावर घेणारी मुलगी रानात काय टिकणार, असं बापाचं ठाम मत होतं. “तुम्ही तरी पहिल्या दिवशी कोणता वाघ मारला होतात?” असं बायकोने विचारलं होतं. त्यावर त्याने चहा संपवण्याची घाई केली होती.

‘कचेरी,’ त्याने मनातल्या मनात निकाल लावला. तेवढ्यात दुर्बिणीच्या गोलात, मुलीच्या पाठीमागे दहा पावलांवर, खडकाआडून एक काळं, केसाळ डोकं वर आलं.

अस्वलाचं पिल्लू.

पिल्लू आहे म्हणजे आई जवळच असणार. त्याने दुर्बीण झुडपांवरून, खडकांवरून फिरवली. आई कुठेच दिसेना. आणि मुलगी उभी कुठे, तर पिल्लाच्या पुढ्यात! ‘अस्वल’ अशी खूण कुणी ठरवलेलीच नव्हती. असती तरी त्याने केली नसती. पालीला घाबरणारी पोर किंचाळत सुटली असती आणि आईने तिला चार ढांगांत गाठलं असतं.

पण त्याच्या डोक्याने ऐन वेळी साथ दिली. त्याने उजवा हात आडवा केला. ‘जरा उजवीकडे सरक.’ जागा चुकली असेल असं वाटून ती सरकली. ‘आणखी.’ ती सरकली. ‘आणखी.’ रीडिंग गेलं खड्ड्यात! दुर्बीण तिच्यामागोमाग वळवत तो तिला एकेक हात पिल्लापासून दूर नेत राहिला. नशीब इतकंच की तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिची नजर त्याच्यावरून हलतच नव्हती. काठी मात्र वेड्यासारखी डुलत होती.

तीसेक पावलं झाली तेव्हा कुठे त्याने दुर्बीण परत खडकाकडे वळवली. गोलाच्या खालच्या कडेने एक भलंमोठं अस्वल काठ चढून वर आलं. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. त्याने पिल्लाला नाकाने ढुसणी दिली आणि दोघं झुडपात दिसेनाशी झाली.

त्याने दुर्बीण मुलीवर आणली. काठी पहिल्यांदाच सरळ होती, पक्की, तसूभरही न हलणारी. त्याने सवयीने आकडा वाचला, ताठ उभा राहिला, दोन्ही हात आभाळाकडे फेकले आणि “झालं!” अशी आरोळी ठोकली.

ती गुडघाभर पाण्यातून अलीकडे आली. चेहरा पांढराफटक पडला होता.

“काठी धरायची असते, नाचवायची नसते!” डोळ्यांतलं पाणी लपवण्यासाठी तो जास्तच खेकसला. “आणि तुझ्या मागे काय होतं, पत्ता तरी आहे? अस्वलाचं पिल्लू! मी होतो म्हणून तुला बाजूला काढलं. उद्यापासून कचेरी. विषय संपला.”

“पिल्लू?” ती मटकन दगडावर बसली आणि एकदम हसायला लागली. “पिल्लू होतं होय! तरीच ती जात नव्हती!”

“कोण?”

“बाबा, रीडिंग मिळालं की तुम्ही काय करता?”

“हात वर करून ओरडतो. सगळ्या खात्याला ठाऊक आहे.”

“म्हणूनच मिळू देत नव्हते.” तिने दुर्बिणीच्या तिपाईमागे ओल्या मातीत उमटलेल्या ठशांकडे बोट दाखवलं. “तुम्ही हात उजवीकडे केलात की मी सरकायचे. आणि तुमच्या मागे चार पावलांवर उभी असलेली पिल्लाची आईही तिकडेच मान वळवायची.”