मुंगीची साक्ष

लामिसीने पहिलं दूध पिळलं ते भोपळ्याच्या वाटीत. पिवळं, दाट, जेमतेम तळ झाकेल एवढं. आयिनपोकाने ती वाटी सुनेच्या हातातून घेतली आणि अंगणात आपल्या सासूपुढे ठेवली. पोरगी आदल्या रात्री जन्मली होती. तेव्हापासून तिच्या ओठांना पाण्याखेरीज काही लागलं नव्हतं. सकाळी टाहो फोडत होती, आता नुसती कुरकुरत होती.

“मुंगी आणलीस?” अझुमा म्हातारीने विचारलं. तिच्या दोन्ही डोळ्यांवर केव्हाचाच पडदा आला होता, पण घरात शब्द अजून तिचाच चालायचा.

“आणली, आत्याबाई.”

“धडधाकट बघून आणलीस ना? नाहीतर लोक म्हणायचे, मरतुकडी आणली.”

पहिलटकरणीच्या दुधाची परीक्षा मुंगी घेते. दुधात सोडलेली मुंगी चालत बाहेर आली तर दूध गोड, बाळाला पाजावं. मेली तर दूध कडू. मग वैदूचा पाला, काढे, आणि दुधाचा कडूपणा जाईपर्यंत बाळ पाण्यावर. मुलगा असला तर तीन दिवस, मुलगी असली तर चार. बोल्गातांगा शहरात तपासणीला गेलं की नर्स घसा फोडून सांगायची, पहिलं दूध वाया घालवू नका म्हणून. पण नर्सबाईंचं राज्य दवाखान्याच्या फाटकापर्यंत.

आयिनपोकाची मुंगी मेली होती. याच अंगणात. तेव्हा म्हातारीचे डोळे चांगले होते आणि तिनेच वाटीत वाकून तसं सांगितलं होतं. आयिनपोकाच्या थोरलीसाठी चौथा दिवस उजाडलाच नाही. पुढची पोरं जगली, मोठी झाली. सासू-सुना एका चुलीवर जेवल्या, एकमेकींची दुखणी काढली. तो विषय मात्र दोघींत कधी निघाला नाही.

आयिनपोकाने चिमटीतली मुंगी वाटीत सोडली. मुंगी दोन पावलं चालली, दाट दुधात रुतली, पाय झाडले आणि थांबली. आयिनपोकाने तिला काडीने ढोसलं. फुंकर घातली. मुंगी हलेना.

आत लामिसीच्या मांडीवर पोरगी कुरकुरली.

“काय झालं गं?” म्हातारीने विचारलं.

“चालतेय,” आयिनपोका म्हणाली. “आली बघा बाहेर.”

कडुनिंबाखाली तिच्या जावा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यातली तालाता फिसकन हसली.

“आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणतं का? आत्याबाईंच्या हातावर ठेव की ती मुंगी. त्या म्हणाल्या चालते, तर आम्हीही म्हणू.”

म्हातारीने तळहात पुढे केला. “आण इकडं.”

आता मागे फिरायला वाट नव्हती. आयिनपोकाने जावांकडे पाठ केली, मेलेली मुंगी काडीने उचलली आणि त्या सुरकुतलेल्या तळहातावर ठेवली. काहीतरी बोलावं, पाया पडावं, असं तिला फार वाटलं. पण बोललं तर झाडाखाली ऐकू गेलं असतं. तिने म्हातारीचं मनगट तेवढं घट्ट धरून ठेवलं.

म्हातारी वाट बघत राहिली. शेंगा फुटायचा आवाज थांबला. हातावर काहीच चालत नव्हतं, आणि ते कळू नये इतकं म्हातारीचं कातडं निबर झालेलं नव्हतं. तिने मान खोलीकडे वळवली, कुरकुर येत होती तिकडे. ती आता फारच बारीक येत होती.

“आई गं!” म्हातारी एकदम ओरडली आणि तिने हात झटकला. “चावली मेली!”

मुंगी कुठे उडाली ते कुणाला दिसलं नाही.

“चावली?” तालाता उठून उभी राहिली.

“कडकडून चावली! अजून आग होतेय. आणि लामिसी, तू काय बघत बसलीस? पोरगी उपाशी आहे. लाव तिला छातीला!”

झाडाखाली जावांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या, सगळ्यांत जोरात तालाताने. खोलीतली कुरकुर थोडी वाढली, अडखळली आणि मग बंद झाली.

आयिनपोका चोळायला वाटीभर शियाच्या बियांचं लोणी घेऊन आली आणि म्हातारीच्या समोर बसली. तिने तिचा तळहात उलगडून उन्हाकडे धरला. डाग नव्हता, गांधही नव्हती.

“कुठं चावली, आत्याबाई?”

“तू चोळ गं नुसतं,” म्हातारी म्हणाली. “फार दुखतंय.”