सोमतीसाठी हृदय

अमरावतीच्या रुग्णालयात एक कृत्रिम हृदय शिल्लक होतं आणि सोमती बेठेकरला ते आजच हवं होतं. तिचे पाय सुजून टम्म झाले होते. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून तिचा नवरा सुखलाल तिला आपल्या पाठीला टेकवून बसला होता.

हृदय कुणाला द्यायचं हे आता डॉक्टरांच्या हातात नव्हतं. आधीच्या रुग्णांच्या नोंदींवरून शिकलेलं एक यंत्र रक्ताचा थेंब तपासायचं आणि हृदय बसवल्यावर कोण जगेल ते ठरवायचं. डॉक्टर पिंगळे मान खाली घालून बाहेर आल्या.

"यंत्र नाही म्हणतंय, सुखलालभाऊ. रक्तावरून माणूस कोरकू आदिवासी दिसतोय, हृदय बसवलं तरी जगायचा नाही, असं त्याचं म्हणणं."

"कशावरून?"

"आजवर हा आजार घेऊन जेवढे कोरकू इथं आले, ते सगळे गेले."

"मॅडम, त्यांतल्या कुणाला हृदय बसवलं होतं का?"

पिंगळे म्हणाल्या, "एकालाही नाही. मी वर हेच सांगून भांडले. माझं काही चाललं नाही."

हृदय दुसऱ्या कुणाला तरी बसलं. आठवडाभरात सोमती गेली. नियमाप्रमाणे तिचं मरणही पिंगळेंना यंत्राला कळवावं लागलं. आणखी एक कोरकू जगला नाही, एवढंच ते शिकलं.

पुढच्या वर्षी सुखलाल सोमतीच्या धाकट्या बहिणीला घेऊन आला. तिलाही तशीच धाप लागत होती. पिंगळेंनी थेंबभर रक्त यंत्राला दिलं. या वेळी त्यानं नकार द्यायला क्षणभरही वेळ घेतला नाही.