काकांचं नाव

यी-चिनने नोंदींची फाइल उघडली, शून्याच्या जागी एक लिहिला आणि जतन करायला गेली. पडद्यावर चौकट आली: परवानगी नाही.

"म्हणजे?" मागे उभ्या काकांनी विचारलं. "कारखाना माझा, आणि हा डबा मलाच नाही म्हणतो?"

"ॲडमिनच्या अधिकाराने उघडावी लागेल, काका."

"मग उघड ना. उद्या तपासनीस येतोय."

परवा चार नंबरच्या प्रेसखाली तिथल्या कामगाराची, तुआनची, दोन बोटं गेली होती. हात आत असला की प्रेस रोखणारा सेन्सर सोमवारपासून बंद होता. सेन्सरमुळे काम अडतं म्हणून काकांनीच तो बंद करवला होता. फाइलमध्ये अपघाताच्या दिवसापुढे शून्य होतं, म्हणजे सेन्सर बंद, वेळेसकट.

यी-चिनने फाइल पुन्हा उघडायला घेतली, या वेळी ॲडमिन म्हणून. चौकटीत दोन नावं आली, तिचं आणि काकांचं. तिने काकांचं निवडलं आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

"पासवर्ड टाका."

"तुझा टाक की."

"ज्याचा पासवर्ड, त्याच्या नावाने नोंद राहते. कोणी उघडली, किती वाजता."

काका हळू आवाजात म्हणाले, "चिन, तुझा बाप गेला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. कुणाच्या घरी वाढलीस?"

"तुमच्या." कीबोर्ड तिने त्यांच्यासमोरच राहू दिला. "काकू सकाळीच पेज घेऊन दवाखान्यात गेलीय. तुआनने सेन्सरचं विचारलं तर काय सांगेल ती?"

काकांनी एका बोटाने तीन अक्षरं दाबली. तीन ठिपके उमटले. मग त्यांनी 'रद्द करा' दाबलं.

"उद्यापासून येऊ नकोस," पडद्याकडे बघतच ते म्हणाले.

पिशवी खांद्याला लावून ती यंत्रांमधून दाराकडे निघाली. चार नंबरवर नवा माणूस बसवला होता. सेन्सरचा दिवा विझलेलाच. माणसाचा हात आत जात होता, बाहेर येत होता. यी-चिन वाकली आणि तिने यंत्राचं तांबडं बटण दाबलं.

प्रेस अर्ध्यावर थांबली. नवा माणूस हात आतच ठेवून तिच्याकडे बघत राहिला.