गोवऱ्यांची गाडी

माझा नवरा बेक्तुर येशूला मानू लागला आणि रविवारी आमच्याच घरात प्रार्थनेला माणसं जमवू लागला, तेव्हापासून पाच वेळा नमाज पढणाऱ्या सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. यंदा आमच्या डोंगराळ नारीन भागातल्या थंडीत गावात आम्हाला कुणी कोळसाही विकेना. तान्ही लेक खोकून निळी पडायची. एका सकाळी सासरे दारात उभे. मागे गोवऱ्यांनी भरलेली गाढवगाडी. शेजारी ओरडला, "ओसमोनअली, बाटलेल्या पोराला जळण पुरवतोस?" "पोरगा बाटला असेल," सासरे म्हणाले, "पण नात माझीच आहे." शेगडी पेटली, लेक निजली. नवऱ्याला मी डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं, तरी तो बोललाच, "बाबा, रविवारी याच उबेत प्रार्थना होईल. वीस माणसं येतील." सासऱ्यांनी शेगडीत आणखी एक गोवरी सरकवली. मग टोपी सावरत उठले. "वीस? एवढ्यानं कसं भागेल? दुसरी खेप आणतो."