बुचाची जमीन

तिसरं अंडंही फुटलं.

एल्साने पसरलेला बलक पाहिला आणि पिशवीत पुन्हा हात घातला. अल्बानूने गल्ल्यावरचं फडकं उचललं. दुकान त्याच्या वडिलांपासूनचं. मागच्या अंगणात बाटल्यांची बुचं होतात त्या मऊ सालींचे ढीग छपराला टेकले होते. घराला बुचाची जमीन करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नमुन्यावर नख मारून बघतं, वास घेतं, रंगावरून नवऱ्याशी भांडतं. ही बाई मात्र कोपऱ्यापासून एकेका नमुन्यावर अंडं टाकत निघाली होती.

"बाई, आमलेटच करायचं असेल तर समोर खानावळ आहे," तो म्हणाला. "तिथे मीठ तरी मिळेल."

"याहून जाड दाखवा."

"याहून जाड म्हणजे गादी झाली. कपाट ठेवाल तर कपाट आडवं होईल."

"होऊ दे. दाखवा."

कुरकुरत त्याने आतून एक जाडसर तुकडा आणला आणि दाराजवळ मोकळी जागा होती तिथे अंथरला. एल्साने हात छातीपर्यंत नेला आणि अंडं सोडलं. ते टिचलं. बाजूने चिकट पाणी झिरपायला लागलं. ती तिथेच उकिडवी बसली आणि तडा गेलेल्या कवचाकडे बघत राहिली.

"घरातली सगळी फरशी उखडलीय," ती म्हणाली. "टेल्मू, माझा नवरा, कामावरून आला की घण घेतो. आता मातीवरून चालतोय आम्ही. आज मला काहीतरी ठरवून जायलाच हवं."

"ते खरं. पण अंडी कशाला? घरात कोंबड्या नांदायच्यात का?"

एल्सा हसली नाही. तिने नुसतं दाराकडे बोट केलं.

दारात चाकांच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. असेल सहा वर्षांची. आलेंतेजू प्रांतातलं ते भाजून काढणारं दुपारचं ऊन, तरी तिच्या पायांवर दुपट्याची जाड घडी होती. एक दंड दुसऱ्यापेक्षा बारीक दिसत होता.

"इरिया. माझी मुलगी. हिची हाडं जन्मापासून काचेसारखी आहेत. बोट धरून उठवायचं म्हटलं तरी भीती वाटते."

तुकड्यावरचं अंडं पुसून काढता काढता अल्बानूचा हात थांबला. "आणि मी कोंबड्या काढत बसलोय," तो पुटपुटला. त्याने स्टूल एल्सापुढे ओढलं. "बस पोरी, बस."

एल्सा बसली नाही. ती भराभर बोलत सुटली. इरियाच्या मोडलेल्या दंडाचं प्लॅस्टर निघालंय. डॉक्टर म्हणतात, हिला चालवा, बसून बसून हाडं आणखी पोकळ होतील. पण दंड मोडल्यापासून एल्साने इरियाचं पाऊल जमिनीला लागू दिलेलं नाही. उशीवर ठेवून उचलते. न्हाणीघरात नेते तीही उशीवरच.

"पडली कुठे?" अल्बानूने विचारलं.

"स्वयंपाकघरात. पाणी सांडलं होतं, पाय घसरला. खाली दगडी फरशी. दगडाला कसली आलीय दया?"

हे तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, सासूला सांगितलं होतं, टेल्मूला सांगितलं होतं. आता ते कुठेही न अडखळता बाहेर पडत होतं. टेल्मूने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घण आणला.

"मी पडले नव्हते," इरिया म्हणाली.

"इरिया, मोठी माणसं बोलतायत ना?"

"मी पडणार होते. तेवढ्यात आईने पकडलं. तेव्हा दंड मोडला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. काकांना चुकीचं कळू नये, एवढंच तिला वाटत होतं.

एल्सा आता स्टुलावर बसली. तिने आपला उजवा पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. फांदी मोडावी तसं काहीतरी याच पंज्यात मोडलं होतं.

"खाली मऊ असतं तर माझा हात गेलाच नसता, काका," ती म्हणाली. "मला इतकी मऊ जमीन द्या, की हिला पकडायची वेळच येऊ नये माझ्यावर. काहीही करा, पण द्या."

अल्बानूने दुकानभर नजर फिरवली. "तसली जमीन माझ्याकडे नाही गं," तो म्हणाला.

तेवढ्यात खुर्ची करकरली. इरियाने दुपटं बाजूला सारलं होतं. हातावर भार देत ती खुर्चीच्या कडेला सरकली आणि तिने दोन्ही अनवाणी पावलं खालच्या जाड तुकड्यावर टेकवली.

"गार नाही लागत," ती म्हणाली आणि उभी राहिली.

एल्सा झेपावलीच. दोन्ही पंजे उघडे, पुढे.

"आई, हात मागे."

एल्सा जागच्या जागी थिजली. मग तिने हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं. नखं रुतली, तरी सोडलं नाही.

इरियाने एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. मग गुडघा लचकला आणि ती डोलली. एल्साच्या घशातून आवाज आला, पण हात आले नाहीत. इरिया मटकन खाली बसली. आई रोज सकाळी हाडं चाचपते तसं इरियाने स्वतःला चाचपलं. आधी गुडघे, मग घोटे, मग तो बारीक दंड. दंडावर तिचा हात जरा जास्त वेळ थांबला. काही मोडलं नव्हतं.

अल्बानूने घसा खाकरला. "मग, बाई... कुठली देऊ?"

हात तसेच पाठीमागे आवळून एल्सा मुलीकडे बघत राहिली.

इरियाने खालच्या बुचावर तळवा फिरवला.

"ही चालेल," ती म्हणाली.