कललेलं मडकं

"काका, तुमचं मडकं आजही आजारीच दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि अख्खा वर्ग हसला.

काका कागदाकडे बघत राहिले. मडकं एका अंगाला कललं होतं. "हात वळत नाही, बाई."

"वळतो हो. धीर धरा. माझा नाही का वळला?"

तुरुंगातल्या सुतारशाळेच्या एका टोकाला हा वर्ग भरायचा. चित्रकार बाईंना तिथे हिवाळ्यापुरतं बोलावलं होतं. बंद्यांना चित्रकला शिकवायची आणि तिथेच बसून स्वतःचं एक मोठं चित्र पूर्ण करायचं, असा करार होता. शेवटी संग्रहालयाची माणसं येऊन ते बघणार होती. पहिल्या दिवशी कोण कशासाठी आत आलाय हे अधीक्षक सांगायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "मला त्यांची चित्रं बघायची आहेत, कुंडल्या नकोत." या उत्तरावर त्या अजूनही मनातून खूश होत्या.

गेल्या वर्षीच्या दुखण्यानंतर बाईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. सुनेखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. हे चित्र नापसंत झालं तर स्टुडिओला कुलूप लावायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

चित्र वर्गाचंच होतं. लांबलचक टेबल आणि त्यावर वाकून बसलेली माणसं. दिवसभर रेषा रडकी यायची. कुणाचं नाक वाकडं व्हायचं, कुणाची बोटं सुजायची. संध्याकाळी बाई वैतागून ब्रश टाकायच्या आणि निघायच्या. चित्र बाहेर न्यायला परवानगी नव्हती. ते झाकून ठेवायला आणि ब्रश धुवायला काका मागे थांबत.

सकाळी येऊन बघावं, तर कालचं नाक झकास जमलेलं असायचं.

"दमल्या डोळ्यांना सगळंच वाईट दिसतं गं," त्या सुनेला म्हणाल्या. "काय काढलंय ते सकाळी कळतं."

"मग संध्याकाळी बघूच नका ना, आई."

बाईंनी ते मनावर घेतलं. उरलेले चेहरे त्यांनी धडाक्यात रंगवले. वर्गातही त्यांचा आवाज चढला. स्वतःच्या जुन्या चित्रांचं पुस्तक त्यांनी मुद्दाम आणून सगळ्यांना दाखवलं.

"बराकीत नेऊ का?" काकांनी विचारलं.

"न्या की. बघून बघूनच हात सुधारतो."

संग्रहालयाची माणसं आली. त्यांचे प्रमुख कौतुकाच्या बाबतीत पक्के कंजूस म्हणून प्रसिद्ध होते. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, जवळ गेले, मागे आले.

"बाई, तुमचं आधीचं काम मी पाहिलंय," ते अखेर म्हणाले. "हे त्या सगळ्याच्या वर आहे. आम्ही घेतोय हे."

बाईंचे डोळे भरून आले. वर्षभराची धास्ती एका वाक्यात उतरली. त्या वर्गाकडे वळल्या. "बघा काका, म्हटलं नव्हतं, हात वळतो म्हणून?"

काकांनी मान डोलावली.

पाहुण्यांच्या देखत सही करावी म्हणून बाईंनी बारीक ब्रश उचलला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि त्या चित्राच्या कोपऱ्याशी वाकल्या.

तिथे त्यांची सही होती. पुस्तकातल्या चित्रांवर असायची तशी, झोकदार, कुठेही न थरथरलेली. रंग अजून ओला होता.

बाई सावकाश सरळ झाल्या. काका धुतलेले ब्रश घेऊन शेजारीच उभे होते. पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले,

"सही तेवढी राहिली होती, बाई."